बोट वर, हात काचेकडे

माझ्या सासुरवाडीला गावात ‘बोटवाले’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, कारण म्हणणाऱ्याच्या अंगातला कोट त्यांनीच शिवलेला असतो आणि पुढच्या खेपेला बाही तोकडी निघेल ही धास्ती असते. पाठ वळली की मात्र सगळेच म्हणतात.

कुठलाही शिंपी सुई धरतो ती अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात. माझ्या सासऱ्यांच्या दुकानात सुई धरायची अंगठा आणि मधल्या बोटात. अंगठ्याशेजारचं बोट ताठ, बाहेर काढलेलं, समोरच्यावर रोखलेलं. त्यामुळे सुईला रेटा द्यायची लोखंडी टोपीही एक घर सरकून करंगळीच्या शेजारणीवर जाते. माझ्या बायकोनं लग्नानंतर शिवण सोडलं, पण माझ्या सदऱ्याचं बटण लावायला बसली की बोट आपोआप वर. नवऱ्याकडे बोट रोखून बटण लावणारी बायको मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. मास्तरांचं या बोटाबद्दल एक शास्त्र आहे. दोरीवर चालणाऱ्याच्या हातात आडवी काठी असते ना, तसं ते बोट. त्यानं हाताचा तोल राहतो, टाका सरळ पडतो. हे शास्त्र त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यांचं बोट ते सांगतानाही वर जातं. बाहेरून आलेल्या कारागिराचं मनगट पहिले काही आठवडे दुखतं, तो कुरकुरतो, मग सवय होते. आणि इथून दुसऱ्या दुकानात गेला की तिथं हसं होतं.

दुसरा नियम बसण्याचा. दुकानाच्या मागच्या खोलीत छतातून छान थंड उजेड येतो. तिथं कापडाचे तागे ठेवलेत. कारागीर बसतात पुढं, रस्त्याकडच्या मोठ्या काचेला लागून, तोंडावर ऊन घेत. तागे सावलीत झोपलेले आणि माणसं वाळत घातलेली, अशी मांडणी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. नवा जावई असताना मी जागा बदलायचं सुचवून पाहिलं होतं. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सासरा बदलायचं सुचवलंय. दोन्ही नियम त्यांच्या आजोबांचे, आणि दोन्ही एकाच दमात सांगायचे: बोट वर, हात काचेकडे.

माझं दुकान बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. बटणं, अस्तर, दोरा, चेन. सासऱ्याच्या नजरेसमोर धंदा मांडणारा जावई शहाणा की खुळा, याचा निकाल अजून लागायचाय. पण गिऱ्हाईक नसलं की मला ती काच दिसते. मी हिशेबी माणूस. कौतुक करण्याआधी भाव विचारतो. तरीही काचेवर ऊन आलं की ती रांग बघताना माझ्या हातातलं अस्तर मापायचं राहून जायचं. सगळे हात एकदम खाली, एकदम वर. सगळी बोटं एका उंचीवर. वाटायचं, इतकी माणसं शिवत नाहीयेत, कुणीतरी एकच जण शिवतोय आणि त्याला हात मात्र पुष्कळ आहेत. तेव्हा मला ही नुसती गंमत वाटे.

काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसेनासा झाल्यापासून मास्तरांच्या मनानं एकच घेतलं होतं. आपण कुणाचे? घराण्याची सुरुवात या आजोबांपाशी होते. ते पोरसवदा असताना एकटेच बोटीतून उतरले, काखेत बोचकं, बोचक्यात कात्री आणि धक्क्यावरच्या कारकुनानं लिहून दिलेलं नवंच नाव. त्याच्या अलीकडचं सगळं ठाऊक, पलीकडचं काही नाही. विचारलं की आजोबा म्हणत, मागचं मागे. एकच खोड होती. बंदरात बोट लागली की हातातलं काम टाकून धक्क्यावर जायचं. तरुणपणी गेले, म्हातारपणी काठी टेकत गेले. घरच्यांच्या मते खलाशांच्या विजारींची मापं घ्यायला. तशी मापं ते आणतही. आमच्या सासुरवाडीत वेडसुद्धा फुकट जाऊ देत नाहीत.

“डोळे मिटायच्या आधी एकदा कळायला हवं,” असं मास्तर हल्ली म्हणायचे. त्यावर त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, गल्ल्यावरून उत्तर द्यायच्या की ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, आणि शिंप्याचं तर मुळीच नाही, काय काय उसवेल सांगता येत नाही. दुकानात दोन कात्र्या आहेत, एक मास्तरांच्या हातात आणि एक आत्याबाईंच्या तोंडात, हे वाक्य माझं. पण मी ते फक्त बायकोजवळ बोलतो.

आत्याबाईंच्या या धोरणाला कारण होतं. मागं एकदा एक गृहस्थ ‘मी तुमचा चुलतभाऊ’ म्हणून आले. मास्तरांनी आनंदाच्या भरात पहिल्याच बैठकीत त्यांना बोचकं, कात्री, धक्का, सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी तेच, आपल्या आजीची आठवण म्हणून, डोळे पुसत परत ऐकवलं. मास्तर गहिवरले. गृहस्थ पाहुणचार घेऊन, नवा कोट घालून गेले ते गेलेच. तेव्हापासून आत्याबाईंचा कायदा झाला: पाहुण्यानं बोलायचं, आपण चहा द्यायचा. दुधानं तोंड पोळलं होतं, आता ताक काय, पाणीसुद्धा फुंकून.

आणि मग ही बाई आली.

सुट्टीचा दिवस होता. खाली दुकान बंद, काचेवर पडदा ओढलेला. बाई परदेशातून आलेली, लांब पल्ल्याची बस चालवणारी. रुंद मनगटं, ताठ खांदे, आणि बोलताना मधूनच मागं कोण आहे ते बघायची सवय. भाषा तिची आणि आमची एकच, फक्त तिच्याकडे ती जुन्या नाण्यासारखी गुळगुळीत झालेली. वर दिवाणखान्यात तिला बसवलं. मला बोलावलं होतं, कारण आत्याबाईंच्या मते संशय घ्यायला घरात एक तरी जावई असावा.

तिनं सांगितलं ते असं. तिची पणजी आणि पणजीचा भाऊ, दोघं एका शिंप्याची मुलं, घरून एकत्र निघाली. बंदरावर पोचल्यावर कळलं की बोटीत एकालाच जागा आहे. भाऊ पुढं गेला. बहिणीनं पुढच्या बोटीनं यायचं ठरलं. पुढची बोट आली तेव्हा तिनं शिडीवरच्या माणसाला विचारलं की ही तिकडेच जाते ना, आणि त्यानं मान डोलावली. ती उतरली तेव्हा तो वेगळाच देश होता. घरी पत्रं टाकली, ती परत आली, कारण तिथंही तोवर कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या घरात एक न पाहिलेला मामा होता. तिच्या आजीचा मामा, मग आईचा, मग नुसताच मामा. लग्नात, बारशात, कुणी ना कुणी म्हणायचंच, मामा असता तर. आता आई गेली. भावंड नाही, मूल नाही. जाताना आई म्हणाली, बघ जमलं तर. म्हणून ती पणजीच्या आधीची बोट कुठं गेली ते धुंडाळत इथवर आली होती. गावातली जुनी शिंप्यांची दुकानं पालथी घालून झाली होती, आमचं शेवटचं.

आत्याबाईंनी उलटतपासणी घेतली. आडनाव जुळेना, पण आमचंही धक्क्यावर मिळालेलं. गावाचं नाव विचारलं तर आम्हालाच आमचं ठाऊक नाही, त्यामुळे तेही जुळण्याचा प्रश्न नव्हता. भाषेचं म्हणाल तर अर्ध्या बंदराची तीच. आणि शिंप्याची पोरं? त्या काळी बोटीतून उतरणारा दर दुसरा माणूस शिंप्याचा पोर होता, उरलेले सुताराचे. मास्तरांना धक्क्याबद्दल सांगायचं होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण टेबलाखाली आत्याबाईंचा पाय त्यांच्या पायावर होता, तेही दिसत होतं.

“बाई, चहा घ्या आणखी,” आत्याबाई म्हणाल्या. आमच्या घरात याचा अर्थ ‘या आता’ असा होतो. तिला तो कळला. इतकी दारं फिरलेल्या माणसाला कळतोच.

मास्तर जिन्यापर्यंत गेले. तिच्या कोटाचं एक बटण एका धाग्यावर लोंबत होतं. लोंबतं बटण घेऊन त्यांच्या दारातून आजवर कुणी बाहेर पडलेलं नाही, टपालवालासुद्धा नाही. मास्तरांनी ते पाहिलं, हात पुढं केला आणि मागं घेतला. परकं म्हणून जाऊ द्यावं तर ओढ सुटेना, आपलं म्हणावं तर आधार नाही. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली आणि बाई माझ्याकडे आली, बटणासाठी. ते वाटेत कुठंतरी पडलं होतं आणि दुपारी तिला निघायचं होतं. कालच्या बैठकीत मी एका बाजूला बसलो होतो याचा तिनं राग धरला नव्हता. मला मात्र उगाच अवघडल्यासारखं झालं आणि मी बटण जरा जास्तच मन लावून शोधू लागलो. ते सापडलं, तिच्या हातावर ठेवलं. ते उजेडात धरून बघायला ती दाराकडे वळली. आणि तशीच उभी राहिली.

समोरचा पडदा वर गेला होता. कारागीर बसले होते.

“त्यांच्या बोटांना काय झालंय?” तिनं विचारलं.

मी घराण्याचं ठेवणीतलं उत्तर दिलं. ढब आहे, तोल राहतो, दोरीवर चालणाऱ्या माणसाची काठी, वगैरे. ती ऐकत नव्हती.

“सगळ्यांच्याच?”

“सगळ्यांच्याच. घरच्यांच्या, नोकरांच्या. आजोबांनी घालून दिलंय.”

ती माझ्या स्टुलावर बसली. बटण हातातून सुटून गडगडत गेलं. मला वाटलं हसतेय. खांदे हलत होते, पण ते हसणं नव्हतं.

मग तिनं सांगितलं. काल सांगायचं सुचलंच नव्हतं, कारण ती त्यांच्या घरातली लहान पोरांना झोपवतानाची गंमत होती. पणजीच्या बापाच्या बोटावर लहानपणी कोळशानं भरलेली इस्त्री पडली. बोट राहिलं, वाकायचं तेवढं थांबलं. लोक म्हणाले, आता शिवण विसर. त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्यानं मधल्या बोटानं सुई धरायला स्वतःला शिकवलं, आणि ते ताठ बोट बाहेर ठेवून जन्मभर शिवलं. पोरं त्याच्याकडे बघून शिकली. लहान होती तोवर त्यांना वाटलं, शिवतात ते असंच. पणजी परदेशात शिवणाच्या कारखान्यात लागली तेव्हा बायका तिच्यावर हसल्या. देखरेखीवरच्या बाईनं पट्टी मारून मारून तिला बोट वाकवायला लावलं. म्हातारपणी पणजी म्हणायची, बापाचं बोट मी वाकवलं. आणि हे म्हणताना तिला पोरं हसलेली चालत नसत.

मी हिशेबी माणूस, असं वर म्हटलंय. मी दुकान उघडं टाकून तिला घेऊन रस्ता ओलांडला. गल्ल्यालाही कुलूप लावलं नाही.

आत शिरून तिनं सगळं पुन्हा सांगितलं, मास्तरांसमोर, गल्ल्यावरच्या आत्याबाईंसमोर, काचेजवळच्या रांगेसमोर. सुया थांबल्या. मास्तरांनी आपला उजवा हात वर धरला आणि डोळ्यांजवळ नेऊन त्या बोटाकडे पाहिलं. कुणाचं तरी आपल्याकडे ठेवायला दिलेलं पाहावं, तसं.

“म्हणजे हे वाकत नव्हतं म्हणून?” ते म्हणाले.

“हो.”

कोपऱ्यातला एक कारागीर, ज्याचं मनगट या शास्त्रापायी बरेच दिवस दुखलं होतं, फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. मला मास्तरांची धास्ती वाटली. काठीचं शास्त्र, घराण्याची ढब, इतक्या वर्षांचा तोरा, आणि खाली काय, तर एक भाजलेलं बोट. माणूस अशा वेळी पाहुण्याला घालवून देतो आणि तोरा ठेवून घेतो. मी असे सौदे पाहिलेत.

पण मास्तर वेगळ्याच ठिकाणी अडले होते. आजोबांचं बोट चांगलं वाकायचं, ते सावकाश म्हणाले. कप त्याच बोटानं धरायचे. माझा कान त्याच बोटानं पिळायचे. आपला बाप असा का शिवतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांना ठाऊक होतं यात कला नाही. मग आम्हाला का शिकवलं? मारून का शिकवलं?

पाहुणी आत्याबाईंकडे बघू लागली. तिच्याकडची गोष्ट संपली होती.

आत्याबाई गल्ल्यावरून उठल्या. कामाच्या वेळी त्या कधी उठत नाहीत. काचेपाशी गेल्या आणि पलीकडे, माझ्या दुकानाच्या पायरीकडे बघत राहिल्या.

“धक्क्यावरून परत आले ना, की सरळ आत यायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “आधी तिथं पलीकडे उभे राहायचे. तिथून आमच्या हातांकडे बघायचे. कुणाचं बोट खाली असलं तर ओरडायचे. सगळी वर असली की हात उंच करायचे, दिसतंय म्हणून. मग आत.”

“काम तपासायचे ते,” मास्तर म्हणाले.

“काम तपासायला माणूस जवळ येतो रे. लांब जात नाही.” त्या वळल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, धार गेलेला. “धक्क्यावर नाव बदललेलं. नावानं कुणी विचारत आलं असतं तर सापडलो नसतो आपण. पाटी होती ती. बहिणीसाठी. जगात ती एकटीच वाचू शकणार होती.”

रांगेतले कारागीर आपापल्या बोटांकडे बघू लागले. 

मी त्या काचेकडे पाहिलं. ऊन अंगावर घेत बसलेल्या त्या रांगेकडे, जिला मी जावयाच्या अकलेनं उठवून सावलीत बसवणार होतो. एक माणूस बोटीमागून बोट बघून रिकाम्या हातानं परत येतो. घरी येऊन, आपण धक्क्यावर नसू तेव्हा ती आली तर, म्हणून पोरांच्या हातांना बापाचं बोट लावून ठेवतो. पोरं पुढच्या पोरांना लावतात. लावणारे मरतात, कारण विसरलं जातं, विसरलेल्या जागेत शास्त्र भरलं जातं, नोकरांची मनगटं दुखतात, गाव हसतं. आणि बोट मात्र वर राहतं. ती स्वतः आली नाही. पण जिला वाचता येईल असं कुणीतरी, बटण घ्यायला म्हणून, नेमक्या त्याच पायरीवर येऊन उभं राहतं. त्यांनी तिकडं गोष्ट सांभाळली होती आणि बोट गमावलं होतं. आमच्याकडे बोट होतं, गोष्ट नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. तो कुठल्या खात्यात मांडायचा, मला अजून कळलेलं नाही.

आत्याबाईंनी डोळे पुसले आणि ताबडतोब नातं लावायला घेतलं. त्यांना दुसरं सुचत नाही. आजोबांची बहीण, तिची मुलगी, तिची मुलगी ती हिची आई. म्हणजे हिची आई आमची बहीण लागली. म्हणजे मास्तर हिचे मामा, आणि आत्याबाई स्वतः…

“मावशी,” पाहुणी म्हणाली.

“मावशी तर मावशी,” आत्याबाई म्हणाल्या. “काल तसं सांगितलं असतंस तर चहाबरोबर काहीतरी दिलं नसतं का?”

बाई हसली, पण तिचं लक्ष मास्तरांकडे होतं. मास्तर खाली वाकून, डोळे बारीक करून तिच्या कोटाच्या कडेकडे बघत होते. बटणाची जागा रिकामी होती. बटण माझ्या दुकानात, स्टुलाखाली. मी पळत जाऊन घेऊन आलो. जावयाला सासुरवाडीत एवढं पळताना कुणी पाहिलं नसेल.

मला वाटलं, मास्तर लावून देतील. त्यांनी सुई ओवून घेतली, आजोबांच्या जागेवर, काचेला अगदी लागून, तिला बसवलं आणि सुई तिच्या हातात दिली.

“मला शिवता येत नाही मामा,” ती म्हणाली. तिनं तो शब्द पहिल्यांदाच खऱ्या माणसाला उद्देशून वापरला असणार. तो तिच्या तोंडात थोडा अडखळला.

“कुणालाच येत नसतं,” मास्तर म्हणाले. त्यांनी तिचा अंगठा आणि मधलं बोट सुईवर ठेवलं, आणि शेजारचं बोट आपल्या दोन बोटांत धरून हळूच सरळ केलं. स्टिअरिंगवर वाकून बसलेलं बोट, लवकर ताठ होईना. ते धरून राहिले.

“बोट वर,” ते म्हणाले. “हात काचेकडे.”

टाके वाकडे पडले. दोऱ्याची गाठ वाटाण्याएवढी झाली. दुसऱ्याचा टाका न उसवता मास्तरांनी आजवर कुणाला सोडलेलं नाही. माझ्या लग्नातल्या कोटाची बाही त्यांनी मांडवात उसवली होती. त्यांनी ते बटण डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, अंगठ्यानं गाठ चाचपली आणि कोट तिच्या मांडीवर परत ठेवला.

“आता दुसरं,” ते म्हणाले. दुसरं चांगलं घट्ट होतं. तरी तिनं ते कापून काढलं आणि पुन्हा लावायला घेतलं.

माझं दुकान उघडंच होतं. मी रस्ता ओलांडून पायरीवर पोचलो आणि सवयीनं मागं वळून पाहिलं. रांग पुन्हा सुरू झाली होती. तीत एक हात जास्त होता, बाकीच्यांपेक्षा जरा मागं पडणारा, चुकणारा, पण बोट त्याच उंचीवर.

मी जिथं उभा होतो तिथून ते स्पष्ट दिसत होतं. काचेआड आत्याबाई माझ्याकडेच बघत होत्या, वाट बघत असल्यासारख्या.

मी हात उंच केला.